दिनविशेष टेबल कॅलेंडर, ३६६ पानं: घ्या, पण १७५२ च्या आधीच्या तारखा तपासून वाचा

आधी निकाल सांगून टाकतो. शाळेसाठी, घरच्या अभ्यासाच्या टेबलासाठी, गावातल्या वाचनालयासाठी हे कॅलेंडर घेण्यासारखं आहे, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कापलाय तो कागद-छपाईसाठी नाही, तारखांच्या हिशोबासाठी कापलाय, आणि ते नीट समजावून सांगायचं म्हणूनच एवढं लांब लिहितोय. प्रकाशकाचं नाव टाकत नाही. अशी कॅलेंडरं बाजारात बरीच आहेत, आणि मी खाली जे सांगणार ते तुमच्या हातात कुठलंही असलं तरी उपयोगी पडेल.

वस्तू अशी आहे: आडवं टेबल कॅलेंडर, वर स्पायरल, मागं जाड पुठ्ठ्याचा स्टँड, तारखेला एक पान. वार छापलेला नाही त्यामुळं दरवर्षी तेच वापरता येतं, २९ फेब्रुवारीचंही पान आहे (मोरारजी देसाई १८९६, रुक्मिणीदेवी अरुंडेल १९०४, दोघंही २९ फेब्रुवारीचे). किंमत ३९९. प्रत्येक पानावर फक्त तीन घटना, एक महाराष्ट्रातली, एक देशातली, एक जगातली, प्रत्येकी चार-पाच वाक्यं, आणि तळाशी एक चौकट, तिचं नाव 'योगायोग', त्यात या तिघांचा एकमेकांशी काय संबंध ते लिहिलेलं असतं.

फक्त तीन घटना, ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, सोलापूर जिल्ह्यात. परिपाठात दिनविशेष कसा होतो हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको, सकाळी ग्रुपवर फॉरवर्ड येतो, अमुक साली यांचा जन्म, तमुक साली त्यांचं निधन, एकाखाली एक वीस ओळी, फळ्यावर उतरवायचं, एक मुलगी एका दमात वाचून काढते आणि रांगेतल्या कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही. त्यापेक्षा तीनच घटना पण गोष्टीसारख्या सांगितलेल्या, यानं फार फरक पडतो. मुलं ऐकतात, नंतर वर्गात येऊन विचारतात.

उदाहरण म्हणून १ ऑगस्टचं पान घेतो, माझ्या मते अख्ख्या कॅलेंडरमधलं सर्वात जमलेलं पान. टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती एकाच दिवशी असते हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं, शाळेत दोन फोटो शेजारी ठेवून दोन हार घालतो. पण कितीतरी जणांच्या हे लक्षातच आलेलं नसतं की दोन्हीचं साल पण एकच आहे. १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले आणि त्याच तारखेला वाटेगावात भाऊराव साठ्यांच्या घरी तुकाराम जन्मला, तोच पुढं अण्णाभाऊ. आणि त्याच दिवशी देशात असहकार चळवळ सुरू व्हायची होती, गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत करत असल्याचं पत्र व्हाइसरॉयला लिहिलं ते याच तारखेचं. पावसात निघालेली टिळकांची अंत्ययात्रा, गांधीजींनी दिलेला खांदा, गिरगाव चौपाटीवरचा अंत्यविधी, हे सगळं त्या पानावर थोडक्यात आहे आणि खाली अण्णाभाऊंबद्दल चार ओळी, शाळा नावालाच पाहिली, वडिलांबरोबर चालत मुंबई गाठली, पुढं अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लालबावटा कलापथक काढलं.

हे पान वाचल्यावर सहावीतल्या एकानं विचारलं, सर मग टिळकांना माहीत होतं का अण्णाभाऊ जन्मले ते? मी म्हटलं नाही रे, कुणालाच माहीत नव्हतं, वाटेगावच्या बाहेर त्या दिवशी कुणालाही नाही. त्यावर तो म्हणाला, पण अण्णाभाऊंना मोठं झाल्यावर कळलं असणार. हे मला पुस्तकात कुठं वाचायला मिळालं नसतं. एका पिढीचा सर्वात मोठा माणूस गेला आणि ज्याला अजून कुणी ओळखत नाही असा एक जण आला, हे पोराला तारखेवरून आपोआप समजलं. एवढ्या एका पानासाठीसुद्धा मी ३९९ रुपये दिले असते.

आता अडचण कुठं आहे ते. 'योगायोग' या एकाच चौकटीत त्यांनी चार वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी कोंबल्यात. १ ऑगस्ट १९२० सारखा दिवस म्हणजे खरोखर एकच दिवस, एकच सूर्य उगवला आणि मावळला. दुसरा प्रकार, जिथं कुणीतरी तारीख ठरवून निवडली. तिसरा प्रकार, नुसता आकड्यांचा खेळ. आणि चौथा प्रकार म्हणजे दोन तारखा कागदावर सारख्या दिसतात पण दिवस मुळात सारखे नाहीतच. मुलांना (आणि मोठ्यांनाही) या चारांतला फरक कळला पाहिजे, नाहीतर तारखांमागं काहीतरी गूढ आहे असं वाटायला लागतं.

ठरवून निवडलेल्या तारखेचं उदाहरण आपल्या दोन्ही राष्ट्रीय सणांचं आहे. २६ जानेवारीच्या पानावर १९३० चा पूर्ण स्वराज्य दिन आणि १९५० चं प्रजासत्ताक दोन्ही दिलंय, आणि चौकटीत लिहिलंय 'बरोबर वीस वर्षांनी तोच दिवस, केवढा विलक्षण योगायोग'. अहो योगायोग कसला त्यात! संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारलं होतं, पूर्ण अंमलात आणायला २६ जानेवारीपर्यंत थांबले ते मुद्दाम, लाहोर अधिवेशनानंतर ज्या दिवशी देशभर स्वातंत्र्याची शपथ घेतली होती तो दिवस जपायचा म्हणून. लोकांनी विचार करून घेतलेल्या निर्णयाला योगायोग म्हणणं म्हणजे त्यांचं श्रेय काढून घेणं. १५ ऑगस्टचंही तेच. १९४५ च्या १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली, माउंटबॅटन त्या वेळी आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचे प्रमुख होते, आणि १९४७ मध्ये तारीख विचारली गेली तेव्हा दुसऱ्या वर्धापनदिनाची म्हणून त्यांनी तीच धरली. पानावर जपान आहे, भारत आहे, पण मधला हा दुवाच नाही. कोरियासाठीही १५ ऑगस्ट हाच मुक्तिदिन आहे, जपानच्याच शरणागतीमुळं, म्हणजे भारत आणि कोरिया एकाच तारखेला झेंडा फडकवतात त्याचं मूळ एकच निघतं. हे किती छान शिकवता आलं असतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते चौथ्या प्रकाराबद्दल.

६ जूनचं पान उघडा. वर शिवराज्याभिषेक १६७४, खाली नॉर्मंडीवरचं दोस्त सैन्याचं आक्रमण १९४४, आणि चौकटीत 'दोन्ही घटना एकाच दिवशी'. तर नाही, या दोन घटना एकाच दिवशी नाहीत. राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६, शनिवारी. त्याची इंग्रजी तारीख जी ६ जून सांगतात ती त्या वेळी इंग्रज वापरत होते त्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. मुंबईकर इंग्रजांचा वकील (म्हणजे दूत) हेन्री ऑक्झेंडन सोहळ्याला रायगडावर हजर होता, त्याच्या नोंदी याच पद्धतीच्या. आज आपण जे कॅलेंडर वापरतो, ग्रेगोरियन, त्यानं मोजलं तर तो दिवस १६ जून १६७४ येतो. सतराव्या शतकात दोन्हींमध्ये दहा दिवसांचा फरक होता. ज्यांना पडताळून बघायचंय त्यांनी वार काढून बघा, ज्युलियन ६ जून १६७४ ला शनिवार येतो, ग्रेगोरियन ६ जूनला बुधवार. एवढं साधं आहे.

मागची गोष्ट थोडक्यात अशी. ज्युलियन कॅलेंडर वर्ष थोडं जास्त लांब धरत होतं, शतकानुशतकं तो फरक साचत गेला, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दुरुस्ती केली, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. स्पेन, पोर्तुगाल, इटली यांनी लगेच मानलं. इंग्लंडनं मानलं १७५२ मध्ये, २ सप्टेंबरला झोपले ते १४ सप्टेंबरला उठले. रशियानं तर १९१८ पर्यंत ताणलं, म्हणूनच 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरात साजरी व्हायची. आता शिवकाळात याचा अर्थ काय झाला बघा, गोव्यातल्या पोर्तुगीजांनी एखाद्या दिवशी पत्र लिहिलं आणि त्याच दिवशी सुरतेच्या इंग्रजांनी लिहिलं, तर दोन पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाच्या दोन तारखा. आणि आपल्या लोकांच्या पत्रावर तिसरीच, तिथी. इतिहासाच्या अभ्यासकांना जंत्री (तिथी आणि तारखा जुळवून बघायचं कोष्टक) लागते ती याचसाठी.

याचा अर्थ ६ जून चूक आहे असं मी म्हणत नाहीये, कृपा करून कुणी तसं वाचू नका. ६ जून ही रूढ तारीख आहे, त्या काळच्या इंग्रजी कॅलेंडरनं बरोबर आहे, रायगडावर त्या तारखेला आणि तिथीला दोन्ही वेळा माणसं जमतात आणि जमलीच पाहिजेत. १९ फेब्रुवारी १६३० ची शिवजयंतीही अशीच, ज्युलियन तारीख, आजच्या हिशोबानं १ मार्च, फाल्गुन वद्य तृतीया. तारीख बदलायची काहीच गरज नाही. फक्त १६७४ ची ज्युलियन ६ जून आणि १९४४ ची ग्रेगोरियन ६ जून एकमेकींना चिकटवून 'एकाच दिवशी' म्हणू नका. पानाच्या कोपऱ्यात तिथी आणि शक बारीक अक्षरात छापला असता तरी काम झालं असतं. जागा आहे, मी पट्टी लावून बघितली.

२३ एप्रिलच्या पानावर हाच घोळ परदेशातला. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस दोघं २३ एप्रिल १६१६ ला गेले, म्हणून जागतिक पुस्तक दिन, असं दिलंय. पुस्तक दिन बरोबर आहे, पण इंग्लंड जुन्या कॅलेंडरवर आणि स्पेन नव्या, म्हणजे शेक्सपिअर दहा दिवसांनी मागाहून गेला. शिवाय सर्व्हान्टिसचं निधन २२ ला आणि दफन २३ ला असं आता मानतात. जगातला सगळ्यात प्रसिद्ध 'एकाच दिवशी' असा दाखला, आणि तोच टिकत नाही.

आणि १२ जानेवारी. या पानाबद्दल मला खूप बोलायचंय कारण ते अर्धं अप्रतिम आहे आणि अर्ध्यावर माझा राग आहे. वर राजमाता जिजाऊ, सिंदखेडराजा, १५९८, पौष पौर्णिमा. खाली स्वामी विवेकानंद, कोलकाता, १८६३. या दोन जयंत्या आपण शाळेत एकत्रच करतो. जिजाऊंची तारीख ज्युलियन आहे, पौष पौर्णिमा आजच्या कॅलेंडरनं त्या वर्षी २२ जानेवारीच्या आसपास येते, ते असो, तो मुद्दा वर झाला. विवेकानंदांच्या मजकुरात एक ओळ आहे की त्यांचा जन्म मकर संक्रांतीच्या दिवशी झाला. अगदी बरोबर. आणि आता दोन पानं उलटा, १४ जानेवारी, तिथं लिहिलंय की पानिपतची लढाई १७६१ मध्ये 'संक्रांतीच्या दिवशी' झाली. आता मला सांगा, १८६३ मध्ये संक्रांत १२ जानेवारीला होती तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? संक्रांतीची तारीख साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकते, म्हणून हल्ली ती कधी १४ ला कधी १५ ला येते. मागं मोजत गेलात तर १७६१ मध्ये सूर्य मकर राशीत गेला तो १० जानेवारीच्या सुमारास. म्हणजे १४ जानेवारीला, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला, सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले त्या दिवशी संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. एकाच कॅलेंडरमधली दोन पानं एकमेकांना खोटं पाडतात आणि संपादकांच्या ते नजरेत आलं नाही, याचं वाईट वाटतं. सातवीच्या मुलांना मी हे गणित म्हणून दिलं, विवेकानंदांच्या पानावरून पानिपतचं पान तपासा असं, आणि त्यांनी फळ्यावर बरोबर काढून दाखवलं. पोरांना हा उलगडा लढाईइतकाच आवडला.

राग कशाबद्दल ते सांगायचं राहिलं. १२ जानेवारीच्या पानावर सोलापूरचे चार हुतात्मे नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला, खटला चालवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आमच्याकडं त्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची गडबड असते, तरी चार हुतात्मा चौकात पुतळ्यांना हार घालायला माणसं जातातच. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी अशा चार घरांतली ही माणसं एका दोरीवर गेली, त्यांचं नाव महाराष्ट्रात छापलेल्या, मराठीत छापलेल्या कॅलेंडरमध्ये नसावं? 'जग' या सदरात त्या दिवशी काय दिलंय ते मी लिहीतसुद्धा नाही, इतकं किरकोळ आहे. आमच्या शाळेच्या प्रतीवर आता त्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला चौघांची नावं मुलांनी मोठ्या अक्षरात लिहिली आहेत, आणि त्या दिवशी आम्ही पान उलटं करून ठेवतो.

चांगली पानं पण सांगतो, नाहीतर वाटेल नुसत्या चुकाच काढतोय. ७ नोव्हेंबर बघा. १९०० साली सातारच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं, तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस आहे. त्याच तारखेला १८८८ मध्ये सी. व्ही. रामन आणि १८६७ मध्ये वॉर्सात मारी क्युरी. शाळेत नाव दाखल होणारा मुलगा आणि दोन नोबेलवाले एका पानावर, आणि चौकटीत कसलाही ओढूनताणून संबंध जोडलेला नाही, फक्त लिहिलंय की क्युरींना पोलंडमध्ये मुलगी म्हणून विद्यापीठ बंद होतं आणि भिवाला वर्गात वेगळं बसावं लागत होतं. बस्स. दिवाळीची सुट्टी मध्ये आली नाही तर हे पान परिपाठात नक्की वाचा.

१९ डिसेंबरही चांगलं आहे, १९२७ मध्ये रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंह यांना तीन वेगवेगळ्या तुरुंगांत फाशी, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त, साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोनेक दिवसांत संपली. गोव्यातल्या वाचकांना हे पान आवडेल. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी, १४ डबे आणि साधारण ४०० माणसं, साहिब सिंध सुलतान तीन इंजिनं, आणि शेजारी चार्ली चॅप्लिन, इथं संबंध काहीच नाही पण मुलं खूश होतात.

१४ एप्रिलबद्दल थोडं सविस्तर. बाबासाहेबांची जयंती पहिली आणि मोठी, तशीच हवी. दुसरी नोंद १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच्याबरोबर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसानं पेट घेतला, बंबवाले आत उतरून पाणी मारत राहिले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी जहाज उडालं, अर्ध्या तासात दुसरा स्फोट. बंबवाले ६६ गेले. आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. युद्धाचा काळ, बातम्यांवर सेन्सॉर, त्यामुळं देशाला नीट कळलंही नाही. हे पानावर फार चांगलं लिहिलंय. जे त्यांच्या हातून निसटलं ते असं की ६ डिसेंबरच्या पानावर, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या खाली, जगाच्या सदरात १९१७ चा कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा स्फोट आहे, तोही दारूगोळ्याच्या जहाजाचाच, माँ-ब्लाँ नावाच्या, बंदरात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन, सुमारे १,८०० माणसं गेली. म्हणजे जयंतीच्या तारखेला एक आणि महापरिनिर्वाणाच्या तारखेला एक असे बंदरातले दोन महाभयंकर स्फोट, आणि फोर्ट स्टिकीन बांधलं गेलं होतं तेही कॅनडातच. हा मात्र शुद्ध आकड्यांचा खेळ. यात कसलाही अर्थ शोधू नये आणि मुलांनाही शोधू देऊ नये, पण दोन्ही पानं एकत्र वाचली तर बंदरात काम करणाऱ्या माणसांबद्दल आणि बंबवाल्यांबद्दल वर्गात चांगलं बोलता येतं.

आकड्यांचा खेळ कसा चालतो हे शिकवायचं तर एक सोपी युक्ती आहे, कॅलेंडरवाल्यांनी पुढच्या आवृत्तीत ती पहिल्याच पानावर छापावी. वर्गात २३ मुलं असतील तर त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्यापेक्षा जास्त असते. ४० मुलं असतील तर जवळजवळ ८९ टक्के. हजेरीपट काढा, जन्मतारखा बघा. तारखा फक्त ३६६ आणि इतिहासातल्या मोठ्या घटना हजारो, मग प्रत्येक तारखेला दोन-चार जुळणारच.

वेळेच्या फरकाचा पण एक मुद्दा. २० जुलैला १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला असं पान आहे. अमेरिकेची ती तारीख. आपल्याकडं त्या वेळी २१ जुलैची पहाट व्हायची होती, रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते. इथंही एक ओळ पुरली असती.

तिथीचं काय, हा प्रश्न घरातले मोठे लगेच विचारतील. तुकाराम बीज, ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा, पंढरीच्या दोन्ही वाऱ्या, हे या कॅलेंडरात कुठंच बसत नाही कारण ते तारखेला नसतंच. धम्मचक्र प्रवर्तन १४ ऑक्टोबर १९५६ असं आहे, पण त्या दिवशी विजयादशमी होती आणि दीक्षाभूमीवर दसऱ्यालाही लाखोंनी लोक येतात, ते पानावर यायला हवं होतं. भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर तसंच राहू द्या, हे त्याच्या जागी घेऊ नका.

बाकी पटापट. कागद जाड, शाई हाताला लागत नाही. अक्षर जरा बारीक, मागच्या रांगेतून दिसणार नाही, वाचूनच दाखवावं लागतं. स्टँडचा पुठ्ठा वाऱ्यानं पडतो, खाली डिंकानं लाकडी पट्टी चिकटवा. भाषा सोपी आहे, चौथीपासून पुढच्या मुलांना वाचता येते, काही ठिकाणी परदेशी नावांचे उच्चार एका पानावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे. साठ-सत्तर पानं भरतीची वाटली, 'जग' मध्ये कुठल्यातरी कंपनीची स्थापना नाहीतर कुठल्यातरी नटाचा वाढदिवस. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा शाळेला सुट्टी, म्हणजे १ मे सोडला तर ती पानं शाळेत कुणी वाचतच नाही, शिक्षकांनी सुट्टीत कॅलेंडर एखाद्या मुलाच्या घरी द्यावं, आम्ही देतो. आणि ज्या तारखांना सुट्टी किंवा झेंडावंदन असतं ती पानं आदल्या दिवशीच वाचावीत.

कुणासाठी आहे: चौथी ते दहावीची मुलं, शिक्षक, स्पर्धा परीक्षेवाले पण फक्त सुरुवात म्हणून. परीक्षेला तारीख लिहायची असेल तर पाठ्यपुस्तकातलीच लिहा, ज्युलियन-ग्रेगोरियनचा वाद उत्तरपत्रिकेत काढू नका.

प्रकाशकांना मी पत्र पाठवलंय, पानागणिक दुरुस्त्या लिहून, १७५२ च्या आधीच्या प्रत्येक नोंदीला तिथी आणि शक द्या, 'योगायोग' ही चौकट बदलून 'संबंध असेल तर' असं काही करा, पानिपतच्या पानावरची संक्रांत काढा आणि १२ जानेवारीला सोलापूरचे चार हुतात्मे टाका, हे शेवटचं ठळक अक्षरात. उत्तर आलं की या रिव्ह्यूखाली अपडेट टाकतो, नवी आवृत्ती दुरुस्त होऊन आली तर स्टारही वाढवतो.